मोवाडचा पूर आणि फोटोची दुसरी प्रत

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण यात ना राजे आहेत ना लढाया. आज बोलायचंय आपल्या घरच्या फोटो आणि व्हिडिओंबद्दल. काही घरांचे फोटो शंभर वर्षं टिकतात आणि काहींचे एका रात्रीत जातात, असं का होतं? ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित भाग.

सुरुवात १९९१ या एकाच वर्षातल्या दोन घटनांपासून करू.

पहिली घटना कोलकात्याची. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिथल्या बोर्न अँड शेफर्ड या फोटो स्टुडिओला आग लागली. हा देशातल्या सगळ्यात जुन्या स्टुडिओंपैकी एक, १८६० च्या दशकातला. सव्वाशे वर्षांच्या संग्रहाचा मोठा भाग त्या आगीत जळाला.

दुसरी घटना आपल्याच नरखेड तालुक्यातली. ३० जुलै १९९१. मोवाड हे वर्धा नदीच्या काठावरचं जुनं गाव. इथे नगरपालिका १८६७ पासूनची, म्हणजे गाव केवढं जुनं ते बघा. त्या दिवशी वर्धेला आलेल्या महापुरात २०० हून जास्त माणसं गेली. घरंच्या घरं वाहून गेली. नंतर गावाचं पुनर्वसन करावं लागलं. आजही दर ३० जुलैला मोवाडमध्ये त्या माणसांना श्रद्धांजली वाहतात. मी याच तालुक्यातला, पण माझा जन्म पुरानंतरचा. आमच्या पिढीने तो पूर मोठ्यांच्या तोंडूनच ऐकला.

आता या दोन घटना शेजारी ठेवून बघा. कोलकात्याचा स्टुडिओ जळाला, तरी सॅम्युअल बोर्नने दीडशे वर्षांपूर्वी काढलेले हिमालयाचे फोटो तुम्हाला आज, आत्ता, फोनवर बघता येतात. कारण स्टुडिओ आपल्या फोटोंच्या प्रती विकायचा. साहेब लोक ते अल्बम घेऊन मायदेशी गेले आणि पुढे ते लंडन-केंब्रिजच्या ग्रंथालयांत जमा झाले. स्टुडिओचं कपाट जळालं, पण गिऱ्हाइकांची कपाटं शाबूत होती.

मोवाडच्या घरांतल्या फोटोंचं काय? ते काही कुणी विकत घेतलेले नव्हते. जे घर नदीने नेलं, त्या घरातला फोटो त्याच घरात वाचणं शक्य नव्हतं. वाचला असेल तर तो दुसऱ्या गावात, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी. ज्या घरातलं माणूसही गेलं आणि भिंतीवरचा फोटोही गेला, तिथे मागे राहिलेल्या लेकराला आपल्या आईचा चेहरा पुन्हा बघता येणार की नाही, हे एवढ्या एका गोष्टीवर ठरणार होतं. आजचा सगळा एपिसोड याच गोष्टीबद्दल आहे.

पाण्यात फोटो कसा जातो

त्या काळच्या विदर्भातल्या घराची बैठक डोळ्यांसमोर आणा. छताजवळ, थोडे पुढे झुकवून टांगलेले काचेच्या फ्रेममधले फोटो. आजोबा, आजी, एखादा लग्नाचा जोडफोटो. बाकीचे लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली. निगेटिव्ह असल्या तर त्याही त्याच पेटीत.

या फोटोंचा कागद वरून साधा दिसतो, पण चित्र असतं त्याच्यावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात. जिलेटिन पाण्यात फुगतं, मऊ होतं आणि काचेला किंवा शेजारच्या फोटोला चिकटतं. वाळलं की दोन्ही एकजीव. त्यात पुराचं पाणी म्हणजे गाळ, आणि गाळातले जिवाणू जिलेटिन खातात. चार-पाच दिवसांत चेहऱ्याच्या जागी रंगांचे ओघळ उरतात.

२०११ मध्ये जपानमध्ये त्सुनामी आली. यामामोतो नावाच्या एका छोट्या गावात ढिगाऱ्यातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, वाळवले, स्कॅन केले आणि ज्याचे त्याला परत द्यायचा प्रयत्न केला. मेहनत प्रचंड होती, तरी त्यातल्या कितीतरी फोटोंवर ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सांगायचा मुद्दा हा, की नंतर कितीही मनापासून वाचवायला गेलं तरी आधी काढून ठेवलेल्या प्रतीची बरोबरी होत नाही.

फोटोला जोडीदार कधी मिळाला

आता थोडं मागे जाऊ. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरोटाइप ही पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटायचं. चित्र अप्रतिम, पण एकच. निगेटिव्ह नाही, त्यामुळे दुसरी प्रत काढायची सोय नाही. पत्रा हरवला की माणूस हरवला.

इंग्लंडमध्ये टॅलबट नावाचा माणूस वेगळ्या वाटेने गेला. १८४१ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत आधी कागदावर उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह, तयार व्हायचं आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता यायच्या. त्याचे फोटो दागेरोटाइपपेक्षा जरा धूसर असायचे. तरी पुढची दीडशे वर्षं जग चाललं ते निगेटिव्हच्याच वाटेने. माझ्या मते बॅकअपचा इतिहास इथून सुरू होतो.

आपल्याकडेही फोटोग्राफी फार उशिरा आली नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एका काचेवर आठ फोटो घ्यायची युक्ती काढली. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढा आणि स्वस्त. एक स्वतःला ठेवा, सात वाटा. लोक ते नातेवाइकांना आणि मित्रांना द्यायला लागले. म्हणजे फोटो वाटण्याची हौस व्हॉट्सॲपने आणली असं काही नाही, ती १८५४ पासूनची आहे.

महाराष्ट्रातल्या साध्या घरांपर्यंत फोटो पोचायला पुढे बराच काळ गेला. पण पोचला तेव्हा वाटण्याची रीत त्याच्यासोबत आली. स्थळासाठी काढलेला फोटो आठवा. मुलगी लग्नाची झाली की तालुक्याच्या स्टुडिओत नेऊन पोस्टकार्ड आकाराचा फोटो काढायचा, तीन-चार प्रती करायच्या आणि पत्रिकेसोबत ठिकठिकाणी पाठवायच्या. काही प्रती परत यायच्या, काही कुणाच्या तरी डायरीत राहून जायच्या. कितीतरी आज्यांचा तरुणपणीचा एकमेव फोटो हाच असतो. लग्न झालं की जोडफोटोची एक प्रत सासरी, एक माहेरी. बाळाच्या बारशाचा फोटो पोस्टाने मामाकडे. आग्फा क्लिक थ्रीच्या रोलमध्ये जेमतेम बारा फोटो यायचे, तरी त्यातला चांगला असेल त्याची जास्तीची प्रत हमखास काढायचे.

आणि स्टुडिओवाला? तो निगेटिव्ह जपून ठेवायचा, कारण पुन्हा प्रत मागायला कुणी आलं तर त्याचा धंदा व्हायचा. बऱ्याच जुन्या फोटोंच्या मागे शिक्का आणि नंबर दिसतो, तो यासाठीच. बॅकअप हा शब्द कुणाला माहीत नव्हता, पण एकाच फोटोच्या तीन-चार प्रती तीन-चार गावांत नांदत होत्या.

आमच्याच घरचं सांगतो. बैठकीत आजोबांचा जो फोटो आहे, तो मुळात आमच्या घरातला नव्हेच. आमच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली. आत्याने लग्नानंतर सोबत नेलेली प्रत तिच्या पेटीत होती, तिच्यावरून पुन्हा काढला. लेकीबाळी माहेरचे फोटो सासरी नेतात तेव्हा लोक म्हणतात, “काय करते बाप्पा एवढे फोटो नेऊन?” तर हे करते!

वर्धेच्या पलीकडची गोष्ट

हे शहाणपण फोटोच्याही आधीचं आहे. मोवाडजवळ वर्धा ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथे मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तेराव्या शतकाच्या शेवटी इथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. चक्रधरस्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. एका माणसाच्या आयुष्यातल्या शेकडो छोट्या प्रसंगांचा तो संग्रह. आजच्या भाषेत म्हणाल तर व्हिडिओ क्लिप्सच.

पुढे परचक्राच्या धामधुमीत, महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे, मूळ पोथी नष्ट झाली. पण ती अनेकांना तोंडपाठ होती. हिराइसा नावाच्या बाईंच्या स्मरणावरून आणि इतरांच्या पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. म्हणूनच लीळाचरित्राचे एकापेक्षा जास्त पाठ आढळतात आणि त्यांच्यात फरकही आहेत. पोथी एका जागी होती, पण तिच्या प्रती वेगवेगळ्या डोक्यांत होत्या.

याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी हे तिचं नाव. परक्याच्या हाती पडलं तरी वाचता येऊ नये, हा हेतू. त्याचा एक परिणाम असा झाला की पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे साहित्य कित्येक शतकं माहीतच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचा उलगडा झाला तेव्हा कुठे ते बाहेर आलं. पासवर्डचा विषय पुढे येणार आहे, तेव्हा हे आठवा.

कॅसेट, सीडी, आणि मग खिसा

१९८० च्या दशकानंतर लग्नात व्हिडिओ शूटिंग आलं. आणि इथे जुनी रीत मोडली. व्हीएचएस कॅसेटची कॉपी काढली की चित्र फिकं पडायचं, कॉपीची कॉपी काढली तर आणखी फिकं. त्यामुळे बऱ्याच घरी एकच कॅसेट. ती लावायला व्हीसीआर लागायचा, आणि जगातल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. कॅसेटला बुरशी लागते, उन्हाने फिती खराब होतात. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर तिच्यात नेमकं काय उरलंय, हे चालवून बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि ते काम दरवर्षी आणखी अवघड होत जाणार.

नंतर आला डिजिटल. आणि इथे इतिहासात पहिल्यांदाच एक मोठी गोष्ट घडली, ती म्हणजे कॉपी मूळासारखीच, अगदी बिट टू बिट. शंभरावी कॉपीसुद्धा पहिलीइतकीच स्वच्छ, आणि खर्च जवळपास शून्य. खरं तर आता प्रत्येक फोटो दहा घरांत असायला हवा होता. झालं काय? हजारो फोटो आणि सगळे एका खिशात. दागेरोटाइपचा तो तांब्याचा पत्रा आठवा. आपण फिरून तिथेच आलो. आणि लग्नाचा फोटोग्राफर आता निगेटिव्ह सांभाळत बसत नाही. पुढच्या सीझनसाठी डिस्क रिकामी करणं त्याला भागच असतं.

“पण भाऊ, माझं सगळं क्लाउडवर आहे,” असं तुम्ही म्हणाल. क्लाउड चांगलाच आहे, वापराच. पण त्याचाही इतिहास बघून घ्या. ऑर्कुट २००४ मध्ये सुरू झालं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत होती, त्यानंतर गेले. मायस्पेसने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर बदलताना २०१५ च्या आधीचा डेटा गेला. गूगल फोटोजवर २०१५ पासून अमर्याद फुकट जागा होती, ती सवलत १ जून २०२१ ला संपली. आता जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबी फुकट, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकायचं धोरण गूगलने २०२३ पासून लागू केलंय. घरातलं माणूस वारलं आणि त्याचं खातं कुणी उघडलंच नाही, तर काय होईल याचा विचार करा.

शिवाय सिंक आणि बॅकअप यांच्यात फरक आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि हा घोळ शिकलेल्या लोकांतही बघतो. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला की तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा जातो. लहान पोराने खेळता खेळता अल्बम पुसला आणि तुम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तर आरशात काहीच दिसणार नाही. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी मूळ पुसलं तरी जागेवर राहते.

आमच्या क्षेत्रात एक किस्सा नेहमी सांगतात. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना पिक्सारमध्ये कुणीतरी चुकून डिलीटची कमांड चालवली आणि सिनेमाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत गायब झाला. स्टुडिओत बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता आणि हे कुणी तपासलंच नव्हतं. वाचवलं कुणी? गॅलिन ससमन या बाईंनी. घरी लहान बाळ होतं म्हणून त्या घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत ठेवून स्टुडिओत आणला. एवढ्या मोठ्या कंपनीचा सिनेमा वाचला तो एका बाळंतिणीच्या घरामुळे. आत्याची पेटीच म्हणा ना!

आता आपल्या घरी काय करायचं

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने ३-२-१ हा नियम लोकप्रिय केला. एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. मोवाडचा इतिहास समोर ठेवला तर यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. एकाच कपाटात तीन हार्ड डिस्क असतील तर पुरासाठी, आगीसाठी आणि चोरासाठी ती एकच प्रत आहे.

घरच्या घरी हे असं बसवता येतं. पहिली प्रत फोनमध्ये, ती आहेच. दुसरी क्लाउडवर, जितकी परवडेल तितकी. तिसरी एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. हिशोब सांगतो. फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट साधारण १०० एमबी धरलं, तर १ टीबीमध्ये दीडशेहून जास्त तास बसतात. फोटो ४ एमबीचा धरला तर अडीच लाख. एका कुटुंबाची बरीच वर्षं निघतात.

डिस्क दुसऱ्या घरी पाठवायची आठवण कशी राहणार? माझी सूचना साधी आहे. भाऊबीज. दोन डिस्क घ्या, एक तुमच्या घरी भरत राहा, दुसरी बहिणीकडे. भाऊबीजेला गेलात की अदलाबदल करा. तिचे फोटो तुमच्याकडे, तुमचे तिच्याकडे. वर्षातून एकदा डिस्क चालू होते आणि उघडते की नाही हेही कळतं. पिक्सारच्या लोकांनी नेमकं हेच केलं नव्हतं.

अजून काही गोष्टी. महत्त्वाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप त्याला दाबून लहान करतं. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डाला कायमची तिजोरी समजू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास त्यातला डेटा उडू शकतो आणि उष्णतेने ते लवकर होतं. आपल्याकडचा मे महिना आणि टिनाच्या छपराखालचं लोखंडी कपाट, ही जोडी टाळा. पासवर्ड घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या, कागदावर लिहून ठेवलात तरी चालेल. तुमची सकळ लिपी उलगडायला कुणी इतिहाससंशोधक येणार नाही.

जुने कागदी फोटो असतील तर फ्लॅश बंद करून, सावलीतल्या उजेडात फोनने त्यांचे फोटो काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच घ्या. भिजलेले फोटो हाती आले तर गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूच सुटे करा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. चित्राला बोट लावू नका.

आणि नावं. फोटो वाचला पण त्यातली बाई कोण हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर तो फोटो परका होतो. आजीला शेजारी बसवा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारा, “ही कोण? हे कुठलं घर?” ते रेकॉर्डिंग फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवा. मोवाडच्या पुराला आता तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. १९९१ च्या आधीच्या फोटोंतले चेहरे ओळखणारी माणसं आपल्या सगळ्याच घरांत आता कमी कमी होत चालली आहेत.

दिवाळीला अजून वेळ असेल, तर आज एवढं तरी करा. घरातला सगळ्यात जुना फोटो शोधा, त्याचा नीट फोटो काढा, आणि आत्याला, मावशीला, बहिणीला, दुसऱ्या गावात राहणाऱ्या कुणालाही पाठवा. सोबत फोटोतल्या माणसांची नावं लिहा. आणि त्यांना विचारा, “आमच्या घरचा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का?” मोवाड परिसरातली जी मंडळी हे ऐकताहेत, त्यांनी तर नक्की विचारा. पुराच्या आधी गावातून बाहेर गेलेली एखादी प्रत अजून कुणाच्या तरी पेटीत असू शकते.

सापडली तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि हो, आधी तो फोटो पाठवा!